द अमेरिकन्स : प्रेमात पडलेल्या हेरांचं काय होतं? – स्पॉयलरसहित

पानगळ

शेवटच्या भागापर्यंतचं सगळं उघड करणार आहे. मालिका बघायची बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर कुरकुर ऐकून घेणार नाही.

न बघता वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एफएक्स वाहिनी, २०१३ ते २०१८, सहा सीझन, ७५ भाग. गोष्ट सुरू होते १९८१ मध्ये, रेगन नुकतेच अध्यक्ष झालेत. वॉशिंग्टनच्या एका उपनगरात फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज हे चारचौघांसारखं जोडपं राहतं. ट्रॅव्हल एजन्सी, दोन मुलं, गॅरेजमध्ये गाडी. प्रत्यक्षात दोघंही केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संघटनेचे, हेर. लग्न वरच्यांनी ठरवून दिलेलं. एकमेकांना आपला खरा भूतकाळ सांगायचा नाही, हाही हुकूमच. आणि समोरच्या घरात राहायला येतो एफबीआयचा स्टॅन बीमन. मालिकेचा निर्माता जो वाइसबर्ग एके काळी सीआयएत होता, त्यामुळे हेरगिरीतला कंटाळा आणि कागदपत्रं त्याने बरोब्बर पकडलीयत.

‘ही हेरांची नाही, लग्नाची गोष्ट आहे’ हे वाक्य या मालिकेबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. खोटं नाही, पण माझं तेवढ्याने समाधान होत नाही. बहुतेक मालिकांमध्ये प्रेम हे पात्राला धुऊन काढायचं साधन असतं. कठोर माणूस कुणाच्या तरी खांद्यावर रडतो, लहानपणीचं दुःख सांगतो, मागे पियानो वाजतो आणि आपण त्याचे मागचे चार सीझन माफ करून टाकतो. इथे तसं होत नाही. इथे जो कुणी मन उघडं करतो, तो त्या क्षणी दुसऱ्याच्या हातात सुरी देतो. ती सुरी चालते की नाही, कधी चालते, यावर माणसं घडत जातात.

पहिल्याच भागात बघा. फिलिपच्या डोक्यात फुटायचा विचार आहे. पैसे घ्यावेत, नवी ओळख घ्यावी, मुलांना घेऊन इथेच राहावं. गाडीच्या डिकीत पकडून आणलेला तिमोशेव हा फितूर केजीबी अधिकारी आहे. त्याला अमेरिकनांच्या हवाली केलं की मार्ग मोकळा. आणि मग फिलिपला कळतं, की याच माणसाने प्रशिक्षणाच्या काळात एलिझाबेथवर बलात्कार केला होता. इतकी वर्षं एका पलंगावर झोपून त्याला हे माहीत नव्हतं. तो तिमोशेवला मारून टाकतो. आपल्याला वाटतं, वा, प्रेम! पण नीट बघितलं तर त्या एका कृतीने त्याने स्वतःचा सुटकेचा दरवाजा बंद केलाय. पुढचे सहा सीझन तो त्या बंद दरवाजाला टेकून बसलेला आहे.

आणि ज्या प्रसंगासाठी हा धागा काढायचं मनात होतं तो : तिसऱ्या सीझनमधला दात. एफबीआयवाल्यांशी झालेल्या मारामारीत एलिझाबेथच्या जबड्याला मार बसलाय. दंतवैद्यांकडे एफबीआयने आधीच सूचना देऊन ठेवलीय, त्यामुळे तिकडे जायची सोय नाही. म्हणून घराच्या तळघरात, कपडे धुवायच्या जागी, फिलिप पक्कड घेऊन तिचा दात उपटतो. भूल म्हणून दारू. संवाद जवळपास नाहीतच. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर, मग त्याच्या, मग पुन्हा तिच्या. ओरडायचं नाही, कारण घरात पोरं आहेत. तिच्या डोळ्यांत भीती आहे, पण नजर ती हटवत नाही. त्याच्या कपाळावर घाम आहे, पण हात थरथरू देत नाही. गंमत म्हणजे हेच दोघं त्या आधी आठवडाभर मुलीच्या, पेजच्या, भवितव्यावरून भांडतायत आणि एकमेकांशी धड बोलत नाहीयेत. या मालिकेत शय्यादृश्यं भरपूर आहेत, बरीचशी कामाचा भाग म्हणून. त्यातल्या एकातही या पक्कडीइतकी जवळीक नाही.

तर बोला. विशेषतः मार्थाबद्दल, फिलिपच्या त्या दुसऱ्या बायकोबद्दल, मला तुमचं मत हवंय.

टग्या

पहिला! :-)

पक्कडीने दात उपटणं हा प्रेमप्रसंग मानणारी मंडळी या जगात आहेत हे वाचून गंमत वाटली.

आता गंभीरपणे. हे दोघं प्रेमाचं नाटक करण्यात पारंगत आहेत ना? रोज नवा विग, नवं नाव, नवं गिऱ्हाईक. मग घरी आल्यावर जे चाललंय ते खरं कशावरून? मी दुसऱ्या सीझनमध्ये सोडली ती याच कारणाने. कुणावर विश्वास ठेवायचा तेच कळेना.

अरण्यऋषी

टग्याभाऊ, तुम्ही थोडं थांबला असतात तर तुमचाच प्रश्न एलिझाबेथने विचारलेला ऐकला असता.

तिसऱ्याच सीझनमध्ये फिलिपला एका कोवळ्या मुलीला, किमीला, नादी लावायचं काम मिळतं. तिच्या वडिलांच्या नोकरीपायी. त्याला ते मनापासून नकोसं आहे. त्या सुमारास तरुणपणच्या प्रशिक्षणाची दृश्यं दिसतात : एकामागून एक अनोळखी माणसं, म्हातारी, तरुण, बाई, पुरुष, आणि प्रत्येकाबरोबर झोपायला शिकायचं. फिलिप बायकोला सांगतो की आम्हाला शिकवायचे, नुसतं करू नका, स्वतःपुरतं ते खरं करून घ्या. त्यावर ती विचारते, माझ्यासोबतही तुला तसं करावं लागतं का?

दुसरा कुठलाही लेखक इथे ‘कधीच नाही’ असं उत्तर लिहून मोकळा झाला असता. फिलिप म्हणतो, कधीकधी. आणि मग, आत्ता नाही.

आता हे उत्तर ऐकून एखादी बाई उठून गेली असती. एलिझाबेथ जात नाही, कारण तिला पहिल्यांदा एका पारंगत खोटारड्याकडून खरं उत्तर मिळालंय. ‘कधीकधी’ हा शब्द नसता तर ‘आत्ता नाही’ला काडीची किंमत नव्हती. खरं कशावरून, याचं मालिकेने दिलेलं उत्तर इतकंच आहे. पटत असेल तर घ्या.

सांजवेळ

पानगळ, फार छान लिहिलंयस. दात वाचताना पुन्हा अंगावर काटा आला.

मार्थाबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकते, तेव्हा आवरतं घेते. एफबीआयच्या काउंटरइंटेलिजन्स, म्हणजे परकीय हेर पकडणाऱ्या, विभागाच्या प्रमुखाची सेक्रेटरी. लग्नाचं वय उलटून चालल्याची हुरहूर. फिलिप ‘क्लार्क’ म्हणून तिच्या आयुष्यात येतो, तिच्याशी रीतसर लग्न करतो आणि तिच्याकरवी साहेबांच्या ऑफिसात पेनातून मायक्रोफोन बसवतो. सुरुवातीला आपण तिला हसतो. लेखकांनी हसू दिलंय. क्लार्कचा तो चष्मा आणि केस बघून हसू येणारच.

आणि मग तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो तिच्यासमोर विग काढतो. एकेक पिन. घाईने नाही. मार्थाचा चेहरा बघा तेव्हा, अ‍ॅलिसन राइटने काय काम केलंय! लग्न झालेल्या नवऱ्याचे केस ती पहिल्यांदा बघतेय. तोंडातून शब्द फुटत नाही.

माझा प्रश्न असा की हे फिलिपने का केलं? धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध मूर्खपणा होता. तिचा विश्वास टिकवायला केलं असं म्हणता येईल, पण मला नाही वाटत तेवढंच होतं. इतकी फसवल्यावर तिचं काहीतरी देणं लागतो, असं त्याला वाटलं असावं. एलिझाबेथने तिमोशेवची गोष्ट सांगून त्याला जे दिलं, तेच त्याने मार्थाला द्यायचा प्रयत्न केला. आणि त्याने मार्थाचं भलं झालं का? छे.

बिनपाण्याची

सांजवेळ, असहमत. मार्थाला बिचारी बिचारी करणं थांबवू या का आपण?

ती मूर्ख नाहीये. क्लार्क सांगतो तो माणूस नाही हे तिला बऱ्याच आधी कळलेलं असतं. ऑफिसात मायक्रोफोन सापडतो, तपास लागतो, तरी ती त्याचं नाव घेत नाही. तिला कुणीतरी हवं होतं आणि त्या ‘कुणीतरी’साठी किती डोळेझाक करायची हे तिने स्वतः ठरवलं. मला ती म्हणूनच आवडते. पुढे फिलिप तिला वाचवण्यासाठी जीनला, त्या ऑफिसातल्या निरुपद्रवी कॉम्प्युटरवाल्या पोराला मारतो आणि आत्महत्येचा देखावा उभा करतो. ते कळल्यावर मात्र ती कोलमडते. तिथपर्यंतची किंमत तिला मंजूर होती, ही नव्हती.

आणि मुख्य म्हणजे ती एकटी अशी आहे जिला याचं प्रशिक्षण नाही. बाकी सगळे हिशेब करून हळवे होतात.

सांजवेळ

@बिनपाण्याची, ‘हिशेब करून हळवे होतात’ हे आवडलं. चोरणार आहे.

पण मग चौथ्या सीझनमधली एलिझाबेथ बघ ना. मार्थाला रशियात पाठवायचं ठरतं. फिलिप सैरभैर. आणि एलिझाबेथ, जिने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही, ती विचारते की मुलं मोठी झाली असती, आपण दोघंच असतो, तर तू तिच्यासोबत गेला असतास का? आवाजात चिडचिड नाही, टोमणा नाही. समजून घ्यायची तयारी ठेवून विचारतेय. उत्तर ‘हो’ आलं असतं तर? हिशेबात हे बसतं का?

फिलिप तिच्याकडे वेड लागल्यासारखा बघतो आणि सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. इतक्या सीझनांनंतरचं ते वाक्य, आणि आलं कशातून तर दुसऱ्या बायकोच्या पाठवणीतून!

रेडिओवाला

धागा वाचतोय. थोडं अवांतर.

टीव्हीवाल्यांमध्ये एक जुनी अंधश्रद्धा आहे : जोडी जुळली की मालिका मेली. तिला नावही ‘मूनलायटिंग’ या मालिकेवरून पडलंय. ही १९८५ ते १९८९ मध्ये एबीसीवर होती, सिबिल शेफर्ड आणि ब्रूस विलिस. १९८७ मध्ये त्यांची पात्रं एकत्र आली, नंतर मालिका घसरली, आणि तेव्हापासून प्रत्येक लेखक नायक-नायिकेला सहा-सात वर्षं नुसतं एकमेकांकडे बघत ठेवतो.

प्रत्यक्षात काय झालं होतं? शेफर्डला जुळी होणार होती, विलिस सिनेमात अडकलेला, त्यामुळे पुढच्या सीझनमध्ये दोघं एका चौकटीत दिसेनात. चित्रीकरण कायम रखडलेलं. मग १९८८ चा लेखकांचा संप. म्हणजे जोडी जुळल्याने नव्हे, जोडी पडद्यावर नसल्याने ती मालिका बसली असं म्हणायला भरपूर जागा आहे. पण खापर फुटलं प्रेमावर.

‘द अमेरिकन्स’ने हा पेच मुळातच उलटा करून टाकला. लग्न आधीच झालंय, मुलंही झालीयत, आता प्रेम जमतंय का बघू. त्यामुळे ‘जमणार की नाही’ ही उत्सुकता संपतच नाही, कारण जमलेलं दर आठवड्याला मोडू शकतं.

टग्या

म्हणजे आपली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’च की! घना-राधाचं आधी लग्नाचं नाटक, मग प्रेम. २०१२ मध्येच करून झालंय आमचं. फक्त केजीबी नव्हती.

रेडिओवाला

@टग्या, साचा तोच, कबूल. फरक नाटक उघडं पडलं तर काय होतं यात आहे. तिकडे घरचे दुखावतील, चार दिवस अबोला. इकडे तुरुंग. पानगळ सुरी म्हणतेय ती हीच बहुतेक.

शिवाय रोजच्या मालिकांना शेकडो भाग भरायचे असतात. पात्र आठवड्यातून तीनदा रडत असेल तर त्या रडण्याने पुढे काही बदलणं परवडतच नाही. सोमवारी मन मोकळं केलं, मंगळवारी पुन्हा गैरसमज. लेखकांचा दोष नाही, गणितच तसं आहे.

कोरा कागद

मला मूळ मांडणीत एक खोट दिसते. पानगळ, तुम्ही प्रेम आणि मन उघडं करणं एकाच दावणीला बांधताय. उघडं व्हायला प्रेमप्रकरण लागतंच असं कुठे आहे?

‘मॅड मेन’ या जाहिरात कंपनीवरच्या मालिकेतला ‘द सूटकेस’ हा २०१० चा भाग घ्या. डॉन ड्रेपरला कॅलिफोर्नियातून फोन आलाय हे माहीत आहे. अ‍ॅना गेल्याची बातमी असणार, हेही माहीत आहे. त्याच्या मते त्याला खरोखर ओळखणारी जगातली एकमेव व्यक्ती. म्हणून तो रात्रभर फोन करायचं टाळतो आणि हाताखालच्या पेगीला ऑफिसात अडकवून ठेवतो. तिचा वाढदिवस बुडतो, मित्राशी फाटतं, दोघं कडाकडा भांडतात, दारू पितात, तो ओकतो. सकाळी फोन करतो आणि तिच्यासमोर ढसाढसा रडतो. नंतर तिच्या हातावर हात ठेवतो. बास. इतक्या बायका येऊन गेल्या त्या मालिकेत, त्यातल्या एकीलाही हा डॉन बघायला मिळाला नाही. प्रेमाची शक्यता नव्हती म्हणूनच तो तिथे मोकळा होऊ शकला, असं माझं मत. प्रेमात माणूस दिसायची काळजी घेतो.

पानगळ

कोरा कागद, मुद्दा बिनतोड आहे, आणि ‘द सूटकेस’ माझाही अतिशय लाडका. पण डॉनच्या बाबतीत एक खटकतं. ती रात्र त्याला फारशी बदलत नाही. काही भागांनंतर तो पुन्हा तोच, एका ट्रिपमध्ये सेक्रेटरीला मागणी घालून मोकळा. बदलते ती पेगी. तिला कळलं की हा माणूस मोडू शकतो, आणि त्याची भीती कायमची गेली. म्हणजे उघडं कोण झालं यापेक्षा ते कुणी पाहिलं, याचा परिणाम जास्त.

‘द अमेरिकन्स’मध्ये प्रेमाशिवायच्या हळवेपणाचं सर्वांत क्रूर उदाहरण नीनाचं, सोव्हिएत वकिलातीतल्या त्या बाईचं आहे. पहिल्या सीझनपासून ती जगण्यासाठी प्रेम वापरते. स्टॅन काय, वकिलातीतला ओलेग काय, नंतर तुरुंगातली कोठडीसोबतीण काय. प्रत्येकाचा विश्वास मिळवून विकला की शिक्षा थोडी कमी. मग तिला अंतोन बाक्लानोव या पळवून आणलेल्या शास्त्रज्ञाला फितवायला पाठवतात. त्याच्यासाठी मात्र ती काहीही न मिळवता एक पत्र बाहेर पोचवायचा प्रयत्न करते. त्याच्या मुलासाठीचं पत्र. इतक्या वर्षांत निव्वळ दुसऱ्यासाठी केलेलं हे पहिलंच काम. चौथ्या सीझनमध्ये तिला एका खोलीत नेतात, शिक्षा वाचून दाखवतात, आणि ते वाक्य तिच्या डोक्यात पुरतं उतरायच्या आत गोळी. संगीत नाही, निरोप नाही.

त्या दिवशी मी पुढचा भाग लावला नाही.

बिनपाण्याची

नीनाच्या वेळी मीही टीव्ही बंद केला होता.

स्टॅनचं पण बघा. दुसऱ्या सीझनच्या शेवटी नीनाला वाचवायचं असेल तर गुपित फोड, अशी त्याच्यापुढे निवड असते. तो फोडत नाही. देशभक्त म्हणून कौतुक करायचं की पळपुटा म्हणून शिव्या घालायच्या, मालिका सांगत नाही. पण त्यानंतरचा स्टॅन आतून पोकळ आहे, आणि त्याच पोकळीत शेजारचा फिलिप त्याचा जिवलग मित्र होतो. बिअर, गप्पा, ते ‘ईएसटी’चे आत्मविकासाचे सेमिनार. दोघंही तिकडे भावना व्यक्त करायला शिकतात! एकमेकांचे कट्टर शत्रू, शेजारी-शेजारी खुर्च्यांवर!

सांजवेळ

मग गॅरेजचा प्रसंग निघणारच.

शेवटचा भाग. स्टॅनने पिस्तूल रोखलंय. समोर फिलिप, एलिझाबेथ आणि पेज. सुटायला एकच हत्यार शिल्लक आहे, फिलिपचं बोलणं. आणि तो बोलतो. थकून, रडवेला होऊन, आपल्या रद्दी आयुष्यात तू एकटाच मित्र होतास असं सांगतो. मी तीनदा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी माझं मत बदलतं, हे खरं बोलणं आहे की माणसाला वळवायचं कसब? मॅथ्यू राइसला २०१८ चा एमी मिळाला तो उगाच नाही.

अरण्यऋषी

सांजवेळ, दोन्ही. ‘स्वतःपुरतं खरं करून घ्या’ असं शिकवलेला माणूस शेवटी अशा जागी पोचतो जिथे करून घ्यायची गरज उरत नाही, पण कसब तर हाडात मुरलंय. त्याला स्वतःलाही ते वेगळं काढता येत नसणार.

आणि जाताजाता तो स्टॅनला सांगतो की तुझी बायको रेने आमच्यातली असण्याची शक्यता आहे, नक्की माहीत नाही. मैत्री म्हणून सांगतो. आणि त्या एका वाक्याने स्टॅनचं उरलेलं आयुष्य नासवून जातो. यापुढे तो रेनेच्या शेजारी झोपेल तेव्हा टग्याभाऊंचा पहिला प्रश्न त्याच्या डोक्यात असेल.

टग्या

मी शब्द मागे घेणार नाही, पण तिसरा सीझन लावलाय. दातापर्यंत पोचलो. पोरगी वाळलेल्या कपड्यांसाठी खाली आली असती तर काय सांगितलं असतं यांनी?

कोरा कागद

शेवटच्या सीझनमधली एलिझाबेथ कुणी घेतली नाही अजून. फिलिप हेरगिरीतून बाहेर पडलाय, ती एकटी राबतेय, सिगारेटवर सिगारेट. नर्स बनून एरिका नावाच्या मरणाला टेकलेल्या चित्रकार बाईची शुश्रूषा करते, नवऱ्याकडून माहिती काढायला. एरिका खडूस आहे, तिला दया नको. वेदनेत असतानाही ती हिला चित्र काढायला बसवते, आणि नीट बघ म्हणून खेकसते. एलिझाबेथला काढता येत नाही. आयुष्यभर माणसांकडे वापरण्यापुरतं बघितलेल्या बाईला कुणीतरी नुसतं बघायला लावतंय.

यात प्रेमप्रकरण नाही. फिलिप जे वर्षानुवर्षं करू शकला नाही ते एका परक्या, चिडक्या बाईने काही आठवड्यांत केलं. पानगळ, हे तुमच्या सिद्धांतात कुठे बसवता बोला.

पानगळ

बसवत नाही, शेजारी ठेवते. :-) फक्त एवढं म्हणेन की एरिकाचं ऐकून घ्यायची जागा तिच्या मनात आधी झालेली होती. पहिल्या सीझनमधली एलिझाबेथ त्या खोलीत पाच मिनिटं टिकली नसती. आणि पहिल्या सीझनच्या शेवटी गोळी लागून पडलेली असताना तिने फिलिपला रशियनमध्ये ‘घरी ये’ म्हटलं, तिथून ती जागा व्हायला लागली असं मला वाटतं. त्या घरात रशियन बोलायला बंदी होती हे विसरू नका.

बिनपाण्याची

इतका मोठा धागा झाला आणि हेन्रीचं नाव कुणीही काढलं नाही. मालिकेतल्या आईबापांसारखेच आहात सगळे.

पानगळ

हाहाहा, खरंच की! पोरगा सहा सीझन व्हिडिओ गेम खेळत होता, मग होस्टेलला गेला, तिकडे आइस हॉकीत चमकला. शेवटच्या भागात रस्त्यावरच्या फोनवरून दोघं त्याच्याशी बोलतात. फिलिप काहीबाही सांगतो, हेन्रीला वाटतं बाबांनी जास्त घेतलीय. एलिझाबेथला फारसं बोलताच येत नाही. आणि पोरगा घाईत आहे, त्याला मित्रांकडे परत जायचंय. त्याच्यावर वेगळा धागा काढ तू, मी येते तिकडे.